सकाळी सेल्फ कुंथतो, दुपारी अर्ध्या फेऱ्यात चालू होतो – दुसरी बॅटरीही बसली

द्राक्षबाग निफाड · ११ डिसेंबर, रात्री ९:१५

मंडळी, नमस्कार. निफाड तालुक्यातून लिहितोय. आमचा ट्रॅक्टर १९९७ चा, ३५ एचपी, तीन सिलिंडर. वडिलांनी घेतलेला. नांगरणीला आता भाड्याचा मोठा ट्रॅक्टर येतो, पण बागेतलं ब्लोअरचं काम अजून याच्यावरच आहे, कारण आमच्या जुन्या बागेच्या दोन ओळींत हाच बसतो. इंजिनचं काम चार वर्षांपूर्वी झालं. धूर नाही, ऑइल खात नाही, डिझेलला हवा घेत नाही. एकदा चालू झाला की दिवसभर तक्रार नाही.

त्रास फक्त सकाळचा. पाच-साडेपाचला किल्ली फिरवली की आधी ‘टक्’, मग सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) कुंथत कुंथत एखादा फेरा मारतो आणि बसतो. मीटरवरचा दिवा पार विझल्यासारखा होतो. दुपारी बाराला तोच ट्रॅक्टर, तीच बॅटरी, आणि अर्ध्या फेऱ्यात चालू. दोन तास चालवून बंद केला आणि लगेच परत सेल्फ मारला तरी चालू. दोन दिवस हात लावला नाही तर मात्र नुसतं ‘टक्’.

बॅटरी ८८ एएचची (अँपिअर-तास). मागची दीड वर्षं चालली, ही सात महिन्यांची आहे. दुकानात नेली, त्यांनी माझ्यासमोर लोड टेस्टर लावला, काटा हिरव्यात. बॅटरी ठणठणीत आहे म्हणाले, चार्ज करून दिली. चार्ज करून आणली की एक-दोन सकाळी बऱ्या जातात, मग पहिले पाढे पंचावन्न.

मार्चमध्ये सेल्फ खोलून कार्बन ब्रश आणि बुश बदलून घेतले. एक फिटर म्हणतो नोझल काढा, दुसरा म्हणतो पंप. मी दोघांनाही नको म्हणालो, कारण सेल्फ नीट फिरला की हा ट्रॅक्टर लगेच उचलतो.

म्हणून वर्षभर गोठ्यामागच्या उतारावर लावतोय, पुढच्या चाकाखाली दगड. सकाळी मी सीटवर बसतो, वडील दगड काढतात, तिसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. वडील ७१ वर्षांचे आहेत. अंधारात, दवाने ओल्या उतारावर, ट्रॅक्टरच्या पुढे वाकून ते दगड ओढतात. मला ते बघवत नाही. पण ब्रेकवर पाय ठेवून मला खाली उतरता येत नाही, आणि त्या वेळी घरात दुसरं माणूस नसतं.

परवा मंगळवारी कहर झाला. टाकी पाण्याने भरून, औषधं बादलीत कालवून तयार. मणी सहा-सात मिलिमीटरचे आहेत, खालच्या दोन ओळींत भुरी (पांढरी बुरशी) दिसायला लागली होती. थंडी एवढी, की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान लोक रोज एकमेकांना विचारतायत. उतारावरून सोडला, चालू झाला नाही, खाली बांधाला टेकून थांबला. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणून टोचन करून चालू केला तोवर साडेनऊ वाजले. ऊन आलं, वारा सुटला. तसंच फवारलं, कालवलेलं औषध ठेवता येत नाही. अर्धं पानांवर बसलं असेल, अर्धं शेजारच्या कांद्यावर.

तिसरी बॅटरी घेऊ का? सात हजारांच्या आसपास जाते. घ्यायची असेल तर घेईन, पण सहा महिन्यांनी परत इथेच येऊन हाच प्रश्न विचारायची वेळ येऊ नये.

ऊसवाला शिरोळ · ११ डिसेंबर, रात्री १०:०२

दादा, ८८ काढा आणि १०० च्या वरची टाका. माझ्या जुन्या ट्रॅक्टरला मी तेच केलं, तीन वर्षं झाली, एकदाबी धक्का मारलेला नाही. थंडीत इंजिन ऑइल काकवीगत घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो. बॅटरी मोठी असली की प्रश्नच मिटला.

आणि सकाळी अगदीच अडलं तर खाली उतरून लांब स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फवरचे दोन जाड बोल्ट एकमेकाला टेकवायचे. किल्लीच्या वायरीत जोर कमी पडत असला तरी तसा चालू होतो. फवारणी तरी चुकायची नाही.

ऑटो इलेक्ट्रिक विटा · १२ डिसेंबर, सकाळी ७:३०

निफाडकर भाऊ, बॅटरी घेऊ नका. निदान आठवडाभर तरी नको.

शिरोळचे दादा चुकीचं बोलत नाहीत, त्यांच्या ट्रॅक्टरला तो उपाय लागू पडला असेल. पण तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे, दोन दिवस उभा राहिला की नुसतं ‘टक्’. सात महिन्यांची बॅटरी, लोड टेस्टला पास झालेली, दोन दिवस नुसती उभी राहून बसत नाही. तिला कोणीतरी पितंय. पिणारा तसाच ठेवून १०० एएचची टाकली तर तो दोन दिवसांऐवजी सव्वादोन दिवसांत संपवेल.

तुम्ही ३०० रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर (बॅटरीतल्या पाण्याची घनता मोजायची काचेची नळी) आणा. रविवारी बॅटरी पूर्ण चार्ज करा. चार्जर काढल्याबरोबर मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो. तीन तास थांबून मोजा. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. लोक ‘बारा दाखवतेय, म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी बरोबर आहे’ असं समजतात, तिथेच फसतात.

मग बॅटरी ट्रॅक्टरला जोडा, हात न लावता उभा ठेवा, आणि सोमवारी-मंगळवारी सकाळी परत मोजा. मंगळवारी सेल्फ मारायच्या आधी सहाही सेलचं पाणी हायड्रोमीटरने बघा. भरलेल्या सेलला १२५० च्या आसपास येतं, निम्म्याला १२००. सहा सेल एकसारखे उतरले असतील तर बॅटरी निर्दोष. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ५० ने खाली असेल तर तो सेल गेला, मग बॅटरीच बदलावी लागेल.

आणि अजून एक सांगा. हा त्रास नेमका कधी सुरू झाला, आणि त्याच्या आगेमागे ट्रॅक्टरवर काय काय काम झालं? इलेक्ट्रिकचंच नाही, कुठलंही.

डेपोतला इलेक्ट्रिशियन · १२ डिसेंबर, सकाळी ९:५०

मी एसटीच्या डेपोत ३१ वर्षं इलेक्ट्रिकलला होतो, आता निवृत्त आहे. बाकीचं नंतर लिहितो, आधी स्क्रू ड्रायव्हरचं.

शिरोळकर, कृपा करून हा सल्ला कोणालाही देऊ नका. किल्लीने मारताना गिअर न्यूट्रल असावा किंवा क्लच दाबलेला असावा म्हणून ट्रॅक्टरला सेफ्टी स्विच असतो. तुम्ही बोल्ट टेकवता तेव्हा तो स्विच बाजूलाच राहतो. माणूस खाली, मोठ्या चाकाच्या पुढे उभा असतो. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर चालू होतो तोच पुढे जात. हे द्राक्षवाले तर रोज तिसऱ्या गिअरमध्ये टाकून उतारावर सोडतात, म्हणजे गिअर पडलेला राहण्याची सवयच आहे. यात माणसं गेलेली आहेत. फवारणी चुकली तर चुकू द्या.

तसंच थंडीत इंजिन उचलावं म्हणून एअर क्लीनरजवळ पेटता बोळा धरणं. तेही बंद. त्या आगीजवळच बॅटरी असते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो.

ऊसवाला शिरोळ · १२ डिसेंबर, सकाळी ११:१०

साहेब, बरोबर आहे तुमचं. माझा गडी रोज तसंच करतोय. आज सांगतो त्याला.

द्राक्षबाग निफाड · १२ डिसेंबर, रात्री ८:४०

डेपोवाले काका, आम्ही स्क्रू ड्रायव्हर कधी लावला नाही, आता तर मुळीच नाही.

विट्याच्या भाऊंनी विचारलं म्हणून वडिलांबरोबर बसून आठवून लिहितोय. आधीची एक बॅटरी पाच वर्षं चालली होती, त्या काळात काही त्रास नव्हता. बॅटरी चार्ज करणारा मूळचा डायनामो सहा वर्षांपूर्वी काढून त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी पत्रा ठोकून सगळा ट्रॅक्टर रंगवून घेतला. त्यानंतर महिनाभरातच ती पाच वर्षांची बॅटरी गेली. म्हातारी झाली होती म्हणून संशय आला नाही, नवीन टाकली. ती कधी दमदार वाटलीच नाही. पण दोन दिवस उभा राहिला की बसायचं, हे मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून.

मीटर आणि हायड्रोमीटर उद्या आणतो.

पांढरं सोनं यवतमाळ · १३ डिसेंबर, दुपारी २:२०

मधेच विचारते. आमच्या इकडे थंडीचं एवढं नाही, आमची बॅटरी ऊन मारते. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ पर्यंत पारा, पाणी लवकर आटतं. मागच्या उन्हाळ्यात दोन महिने बघितलंच नाही, प्लेटा उघड्या पडल्या आणि बॅटरी गेली. त्याआधीच्या वर्षी नवऱ्याने बोअरचं पाणी टाकलं होतं, ती तर सहा महिन्यांतच गेली. आता डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घरात ठेवते आणि दर महिन्याच्या एक तारखेला मीच बघते. प्लेटांच्या वर बोटाच्या पेराएवढं पाणी. अ‍ॅसिड कधीच टाकत नाही, उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या ट्रॅक्टरला कधी कधी ‘टक्’ पण येत नाही. दिवा पूर्ण उजेडात, हॉर्न खणखणीत, आणि किल्ली फिरवली तर काहीच नाही. पाच-सहा वेळा क्लच मारला की एकदम चालू. हे पण बॅटरीचंच का?

ऑटो इलेक्ट्रिक विटा · १३ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

ताई, नाही. दिवा मंद होत नाही म्हणजे सेल्फपर्यंत करंट निघालेलाच नाही. क्लचच्या पेडलखाली छोटा स्विच असतो, त्याच्यात धूळ जाते किंवा त्याचं सेटिंग सरकतं. पेडल पूर्ण दाबल्यावर तो पुरता दाबला जातोय का बघा. स्विच नवीन टाका, पण कोणी ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणालं तर करू देऊ नका. वर काकांनी लिहिलंय ते त्यासाठीच.

द्राक्षबाग निफाड · १६ डिसेंबर, सकाळी ८:०५

आकडे आणलेत.

रविवारी संध्याकाळी ४ ला चार्जर काढला. ७ वाजता १२.७. टर्मिनल जोडले. सोमवारी सकाळी ६ ला १२.५. आज मंगळवारी सकाळी ६ ला १२.२. मधे किल्लीलासुद्धा हात लावला नाही.

हायड्रोमीटर: सहाही सेल ११९० ते १२०० च्या मधे. एकही मागे नाही.

मग सेल्फ मारला, कुंथला, चालू झाला नाही. दुसऱ्या बॅटरीवर केबल लावून चालू केला. अर्ध्या रेसवर १३.९ व्होल्ट. दोन्ही हेडलाइट लावले की १३.१.

आता मला एवढं कळतंय, की बॅटरीला दोष देऊन चालणार नाही. दुकानदाराशी मी थोडं जास्त बोललो होतो, ते आता आठवतंय.

ऑटो इलेक्ट्रिक विटा · १६ डिसेंबर, दुपारी १:१५

छान मोजलंत. आता हिशोब बघा. ३५ तासांत बॅटरी पूर्णवरून निम्म्याच्या थोडी वर आली, म्हणजे ८८ मधले जवळपास ४० एएच गेले. चाळीस भागिले पस्तीस, म्हणजे तासाला एक अँपिअरपेक्षा थोडं जास्त. किल्ली बंद असताना जुन्या ट्रॅक्टरला काहीच लागत नाही, ना घड्याळ ना टेप. तरी एवढं जातंय.

इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि बल्ब बॅटरीची खुंटी आणि क्लॅम्प यांच्या मधे लावा. किल्ली बंद. बल्ब काळा राहिला तर गळती नाही. थोडा जरी लाल झाला तरी आहे. मग एकेक गोष्ट सुटी करत जायचं, बल्ब विझेपर्यंत. दर वेळी वायर सोडवताना निगेटिव्ह काढलेला पाहिजे आणि सुट्या वायरीचं तोंड टेपने गुंडाळा.

माझा संशय अल्टरनेटरवर आहे. आतले डायोड एका बाजूनेच करंट जाऊ देतात. एखादा अर्धवट गेला की चार्जिंग होत राहतं, म्हणून कोणाला शंका येत नाही, पण रात्री तोच बॅटरीतून उलटा परत सोडतो. हेडलाइटवर १३.१ पर्यंत पडणं हेही त्याच बाजूला बोट दाखवतंय. मीटर-बल्ब लावायच्या आधी एक करा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरला पहाटे उघडा हात लावा, मग शेजारच्या इंजिनच्या ब्लॉकला लावा.

भाऊ, एक विचारतो, रागावू नका. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल कधी काढलं होतं का?

डेपोतला इलेक्ट्रिशियन · १६ डिसेंबर, दुपारी ४:३०

विटेकरांशी सहमत. पण ही एकच खोट नाही. गळती आहे म्हणून सकाळी बॅटरी कमी असते, ठीक. पण चार्ज करून आणल्यावरही पहिल्या सकाळी सेल्फ रुबाबात फिरत नाही, ‘बऱ्या जातात’ एवढंच त्यांनी लिहिलंय. आणि पहिली नवी बॅटरी कधी दमदार वाटलीच नाही, ती तर गळती सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. मला त्या रंगाची शंका आहे.

निफाडकर, सेल्फ फिरतो तेव्हा दोनशे-तीनशे अँपिअर वाहतात. ते केबलने जातात आणि तेवढेच्या तेवढे ट्रॅक्टरच्या अंगातून, अर्थिंगच्या पट्टीतून परत येतात. जाणारी वाट सगळे तपासतात, येणारी कोणी बघत नाही. त्या वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा आला तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच जिरतात. मीटर ओहमवर लावून बघाल तर तो ‘शून्य’ दाखवेल, इतका बारीक अडथळा साध्या मीटरला दिसत नाही. हॉर्न वाजेल, दिवे लागतील, कारण त्यांना पाच-दहा अँपिअरच लागतात. करंट वाहत असतानाच ही खोट सापडते.

म्हणून असं करा. बॅटरी चार्ज असू द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि इंजिन बंद करायची दांडी ओढून धरलेली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. सीटवर माणूस बसवा. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. लाल पिन सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडून उघड्या धातूवर. पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ०.२ च्या आत पाहिजे, फार तर ०.३. मग लाल पिन पॉझिटिव्ह खुंटीवर आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, परत पाच सेकंद. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. शेवटी खुंटी ते खुंटी. साडेनऊच्या खाली जाता कामा नये.

तीनही आकडे लिहून टाका. अंदाजाने काही सोडवू नका, आधी मोजा, म्हणजे नंतर किती फरक पडला ते तुम्हालाच कळेल.

द्राक्षबाग निफाड · १८ डिसेंबर, रात्री १०:२०

काका, भाऊ, दोघांचंही बरोबर निघालं. सविस्तर लिहितो.

काल पहाटे पाचला गेलो. पत्र्यावर दव, बॉनेटला हात लावला तर बोटं बधिर. ब्लॉक गार, सेल्फ गार, डिझेल पंप गार. आणि अल्टरनेटर कोमट. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखा. रात्रभर ट्रॅक्टर बंद होता. वडिलांना बोलावून त्यांचा हात लावला. ते काही बोलले नाहीत, दोन वेळा हात फिरवून पाहिला.

उजाडल्यावर बल्ब लावला, मंद लाल झाला. निगेटिव्ह काढून अल्टरनेटरची मागची जाड वायर सोडवली, टेप मारली, परत बल्ब लावला. काळा.

टर्मिनलचं विचारलंत त्याचं उत्तर हो आहे. मागच्या दिवाळीत, बॅटरी चार्ज होते का नाही ते बघायला चालू इंजिनवर टर्मिनल काढलं होतं. डायनामोच्या काळात वडील असंच बघायचे. टर्मिनल काढूनही इंजिन आणि दिवा चालू राहिला, म्हणजे डायनामो बरोबर. आम्ही तेच केलं. दोन दिवस उभं राहिलं की बसायचं दुखणं तेव्हापासूनचं आहे, तारीख जुळते.

मग आज दुपारी काकांची टेस्ट. बॅटरी चार्ज केलेली, चुलतभाऊ सीटवर, दांडी ओढलेली. खुंटी ते खुंटी १०.१. पॉझिटिव्हची बाजू ०.३. निगेटिव्हची बाजू १.९.

दोनदा परत केलं, १.९ च. म्हणजे बॅटरी १०.१ देतेय आणि सेल्फला पोचतायत ७.९.

अर्थिंगची पट्टी बॅटरीच्या पेटीमागून चेसिसला येते. बोल्ट सोडवला. पट्टीच्या लगखाली (टोकाच्या कडीखाली) लालभडक, गुळगुळीत रंग. रंगवताना ब्रॅकेटवर दोन हात मारले आणि त्यावर पट्टी कसली. बोल्टाच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर दोन वर्षं ट्रॅक्टर चालला. पट्टीसुद्धा अर्धी हिरवी पडून तुटत आलेली.

दोन वर्षं, दोन बॅटऱ्या, सेल्फचं काम, आणि रोज पहाटे वडिलांच्या हातात दगड. रंगाच्या एका थराखाली.

डेपोतला इलेक्ट्रिशियन · १८ डिसेंबर, रात्री १०:५५

वडिलांची चूक मानू नका. डायनामोच्या गाडीवर टर्मिनल काढून बघायची पद्धत आम्हीही वापरली आहे. अल्टरनेटरवर मात्र बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं आणि डायोड भाजतात. गाडी बदलली, पद्धत तीच राहिली. अनेकांकडे हेच झालं.

आता पट्टी नवीन, तांब्याच्या जाळीची, जाड घ्या. दोन्ही टोकांना कानशीने चकचकीत धातू काढा. आधी कसून बांधा, मग वरून व्हॅसलीन. आधी ग्रीस भरून मग कसू नका. शक्य असेल तर चेसिसला न देता थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला, सेल्फच्या जवळ द्या. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पान्याचं दुसरं टोक कुठे टेकलं तर ठिणगी पडते.

पांढरं सोनं यवतमाळ · १९ डिसेंबर, सकाळी ७:१०

विट्याचे भाऊ, क्लचचा स्विचच होता. काल काढला तर आत कपाशीची धूळ गच्च भरलेली. १२० रुपयांचा नवीन टाकला. निफाडचं वाचून आमची पण अर्थिंग बघितली, आमची बरोबर निघाली, ०.२.

द्राक्षबाग निफाड · २८ डिसेंबर, सकाळी ९:३०

दहा दिवस मुद्दाम थांबलो, घाईने ‘झालं’ म्हणायचं नव्हतं.

पट्टी १८० रुपयांची, गिअरबॉक्सच्या बोल्टला दिली. अल्टरनेटर पिंपळगावला खोलून घेतला, डायोड प्लेट आणि मजुरी मिळून ९५०. कारागिराने जुनी प्लेट मीटर लावून दाखवली, एक डायोड दोन्ही बाजूंनी आकडा देत होता. निगेटिव्हवर एक कटऑफ स्विचही बसवला, इंजिन बंद झाल्यावरच फिरवायचा असं वडिलांनी त्याच्या बाजूला खडूने लिहिलंय.

आत्ताचे आकडे: निगेटिव्हची बाजू ०.२. सेल्फ फिरताना खुंटी ते खुंटी १०.४. हेडलाइट लावून १३.८. मुद्दाम तीन दिवस उभा ठेवला, १२.६. बॅटरी तीच, सात महिन्यांची.

आज सकाळी बाग पांढरी होईल की काय अशी थंडी होती. पावणेसहाला किल्ली फिरवली. पहिल्या फेऱ्याला नाही, दुसऱ्याला. साडेसात वाजता शेवटची ओळ संपली तेव्हा वारा सुटायचा होता.

ट्रॅक्टर आता शेडमध्ये सपाटीला लावतो. तो दगड वडिलांनी काल गोठ्याच्या दाराशी नेऊन ठेवला, दार वाऱ्याने आपटतं म्हणून.